दुर्मीळ टपाल तिकीट परवडत नाही? 'प्रूफ' हा पर्याय समजून घ्या

१८५४ मध्ये कोलकात्यात छापलेल्या चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणी व्हिक्टोरियाचे डोके उलटे आले. आज अशी मोजकीच तिकिटे उरली असून ती सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून काही जण प्रुफांकडे वळतात.

प्रूफ म्हणजे काय?
पुस्तकाप्रमाणेच तिकिटाचेही छपाईपूर्वी प्रूफ काढतात. मूळ साच्यावरून घेतलेले ते 'डाय प्रूफ', छपाईच्या प्लेटवरून घेतलेले ते 'प्लेट प्रूफ'. त्याला सहसा दातेरी कडा आणि डिंक नसतो. ते पत्रावर लावता येत नाही.

स्वस्त का?
प्रुफे कमी असली, तरी बहुतेक संग्राहकांना प्रत्यक्ष विक्रीला आलेले तिकीटच हवे असते. अमेरिकेच्या १८९३ च्या कोलंबस मालिकेतील महागड्या तिकिटांची पुठ्ठ्यावरची प्रुफे मूळ तिकिटांपेक्षा बरीच स्वस्त मिळतात. डाय प्रुफे मात्र फार थोडी काढली जातात, त्यामुळे ती महागही असू शकतात.

फसवणूक कशी टाळाल?
साध्या तिकिटाचे दाते कापून ते 'प्रूफ' म्हणून खपवले जाते. नंदुरबार, शहादा किंवा तळोद्यात बसून ऑनलाइन खरेदी करताना वस्तू हाताळता येत नाही. त्यामुळे आधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागवा. चारही बाजूंचा समास मूळ तिकिटापेक्षा रुंद आहे का, मागे डिंक आहे का, ते पाहा. समास अरुंद आणि मागे डिंक असेल, तर घेऊ नका. रक्कम मोठी असेल तर तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागा.