खुडूक न होणारी बदकं

मनिला महानगरात सोळा शहरं आहेत आणि एक गाव. ते गाव पातेरोस. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ६५,२२७. एवढ्या दाटीत बदकं पाळायची कुठे? तर ती आता फारशी पाळतच नाहीत. तरी फिलिपिन्समध्ये बालुत म्हटलं की पहिलं नाव निघतं ते पातेरोसचंच.

बालुत म्हणजे आत पिल्लू अर्धंमुर्धं घडलेलं, उकडलेलं बदकाचं अंडं. रुंद टोकाला कवच फोडायचं, आतला रस आधी शोषून घ्यायचा, मग मीठ किंवा मिरची घातलेला व्हिनेगर लावून बाकीचं खायचं. रात्री फेरीवाले ‘बालुऽऽत’ अशी हाळी देत हे विकतात. नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं, पण कसब किती नाजूक आहे ते आधी पाहावं.

ही विद्या चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं मानतात. ती इथेच रुजली, कारण गाव पासिग नदीच्या फाट्यावर आणि नदीत गोगलगायी अमाप. काठावर बांबूचे कूड घालून लोक इतिक जातीची बदकं पाळत. गोगलगायींवर पोसलेली इतिक अंडी भरपूर द्यायची, पण कोंबडीसारखी खुडूक होऊन ती अंड्यांवर बसत नाही. पिल्लं हवी असतील तर ऊब माणसानेच द्यायची. सगळ्या धंद्याचं मूळ या एका खोडीत आहे.

ऊब द्यायची रीत अशी: मोठ्या कढईत भात, म्हणजे टरफलासकटची साळ, गरम करायची. एका कापडी पिशवीत अंडी, दुसरीत हा गरम भात, आणि बांबूच्या उंच टोपलीत त्यांचे एकाआड एक थर. टोपलीभोवती तूस ठासलेला, म्हणजे ऊब बाहेर जात नाही. भात किती तापला हे जुने कारागीर हातानेच ओळखत. अंडं घेताना बोटाने टिचकी मारून ऐकतात; तडा गेलेलं बद्द वाजतं, ते बाजूला. काही दिवसांनी दिव्यासमोर धरून आत गर्भ धरला आहे का ते बघायचं. ज्यात काहीच नाही ते ‘पेनॉय’, साध्या उकडलेल्या अंड्यासारखं विकायचं. गर्भ मेलेलं, सडकं अंडं ‘अब्नॉय’. त्याचेही घावनासारखे केक करून खाणारे आहेत. बाकीची अंडी साधारण सतराव्या-अठराव्या दिवशी उकडायची. तेव्हा पिल्लू पांढऱ्या वेष्टणात असतं. चोच, हाडं, पिसं अजून दाताखाली येत नाहीत. अठ्ठावीस दिवस थांबलं तर ते चालायलाच लागेल.

गावाने या धंद्याला संतही शोधून दिला. युरोपात सेंट मार्थाच्या पायाशी ड्रॅगन असतो. इथे मगर आहे. बदकं फस्त करणाऱ्या मगरीला मार्थाने आवरलं अशी कथा, आणि दर फेब्रुवारीत तिच्या उत्सवात लोक नाचत मिरवणूक काढतात.

नदीपुढे मात्र मार्थाचंही चाललं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी पात्रात येत गेलं, गोगलगायी संपल्या, पाठोपाठ बदकं गेली. आज अंडी लागुना, बुलाकान, नुएवा एसिहा या प्रांतांतून येतात आणि पातेरोसमध्ये फक्त उबवली जातात. हातातलं कसब शिल्लक होतं तोवर तेवढंही पुरलं. पण विजेच्या उबवणी यंत्रांनी तेच काम कुठल्याही गावात होऊ लागलं, आणि जिथे बदकं आहेत तिथल्याच लोकांनी बालुतही करायला घेतलं. पातेरोसला नदीपेक्षा मोठा फटका या यंत्राचा आहे, असं मला वाटतं.