पेनड्राइव्हच्या हाती मेमरी नसते

वसईत लग्नाचा व्हिडिओ हल्ली स्टुडिओवाले पेनड्राइव्हमध्ये देतात. घरी तो लावला की काही जीबी कॉम्प्युटरमध्ये उतरतात आणि तेवढ्या वेळात माऊसही सुरळीत चालतो, कारण हा माल प्रोसेसर स्वतः वाहत नाही. त्याला मधे न घेता थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याच्या या रीतीला डीएमए म्हणतात.

ही रीत यूएसबीच्या पुष्कळ आधीची. टेप आणि कार्डं वाचणारी यंत्रं इतकी संथ, की प्रोसेसर त्यांच्यापुढे ताटकळत राही. १९५८ मध्ये आलेल्या आयबीएम ७०९ कॉम्प्युटरला म्हणून ही ने-आण सांभाळणारं ‘चॅनल’ हे स्वतंत्र यंत्र जोडलं. विरार लोकलने चर्चगेटला उतरून पुढे कुलाब्याला गेलं की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथे १९६४ मध्ये बसवलेल्या सीडीसी ३६०० कॉम्प्युटरमध्येही असे डेटा चॅनल होते. वसईचा बागायतदार दादरला फुलं पाठवताना प्रत्येक करंडी स्वतः वाहत नाही. कुठे, किती ते सांगतो आणि पोचल्याचा निरोप घेतो. प्रोसेसरचंही तसंच, निरोप येतो तो इंटरप्टने.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलच्या ८२३७ चिपकडे होतं. तिला चार चॅनल. त्यातला एक मेमरी ताजी ठेवण्यात गुंतलेला, एक फ्लॉपीसाठी. पुढे पीसीआय कार्डं स्वतःच मेमरीपर्यंत जाऊ लागली.

१९९६ च्या यूएसबीने मात्र वेगळी वाट धरली, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. उपकरणाला मेमरीचा पत्ता कळतच नाही. मेमरीत ड्रायव्हर कामांची यादी मांडतो: कोणतं उपकरण, कोणती दिशा, किती बाइट, कुठे ठेवायचे. ती यादी कॉम्प्युटरमधला होस्ट कंट्रोलर डीएमएने वाचतो, उपकरणाला विचारतो आणि उत्तर नेमून दिलेल्या जागी ठेवतो. इंटेलच्या यूएचसीआय रचनेत या यादीला १०२४ खाने होते, एकेक मिलिसेकंदाचे. कीबोर्डचं बटण दाबलं तरी ते कंट्रोलरने विचारेपर्यंत थांबतं.

फायरवायर या दुसऱ्या जोडणीत हे बंधन नव्हतं. जोडलेलं यंत्र समोरच्याची मेमरी परस्पर वाचू शके; सुरक्षा-संशोधक मॅक्सिमिलियन डॉर्नसाइफ यांनी २००४ मध्ये आयपॉड वापरून ते दाखवलं. पेनड्राइव्ह म्हणून निर्धोक ठरत नाही, तो कीबोर्डचं सोंग घेऊ शकतो. पण मेमरीत हात घालणं त्याला जमत नाही.

टाइप-सीच्या भोकाने हा हिशेब बदलला आहे. थंडरबोल्ट आणि २०१९ चं यूएसबी४ त्याच तारेतून पीसीआय एक्सप्रेसही नेऊ शकतात, म्हणजे बाहेरचं यंत्र पुन्हा मेमरीपर्यंत पोचतं. त्याला आयओएमयू हा मेमरीचा पहारेकरी अडवतो: ड्रायव्हरने मोकळी केलेली मेमरीची पानं तेवढी दिसू देतो, बाकीची मागणी परतवतो. तो चालू नसेल, तर अनोळखी डॉक लावण्याआधी विचार करावा.