कूस बदलली की घर फिरतं? ज्येष्ठांची झोप आणि वारंवार येणारी चक्कर

ठाणे : बिछान्यात कूस बदलली की घर गरगर फिरतं, मिनिटाच्या आत थांबतं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. साठी ओलांडलेल्या अनेकांची ही तक्रार असते. गावात याला बीपी, पित्त नाहीतर मानेचा मणका म्हणतात. कोणी गोळी घेतं, कोणी सलाईन लावून येतं. पण आडवं होताना, उठताना किंवा मान वर करतानाच चक्कर येत असेल, तर दुखणं बहुतेक कानात असतं.

कानात काय होतं?
आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्यामुळे ते जागेवरून सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत शिरतात. डोकं हललं की मेंदूला चुकीचा निरोप जातो. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. हा आजार जीवघेणा नाही. पण बांधावर, विहिरीजवळ किंवा स्टेशनच्या जिन्यावर तोल गेला तर खुब्याचं हाड मोडू शकतं.

झोपेशी संबंध
चक्करच्या भीतीने म्हातारी माणसं रात्रभर एकाच कुशीवर अवघडून पडतात, झोप तुटते. ज्यांची झोप नीट होत नाही त्यांना ही चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. झोपेची गोळी मात्र मनाने घेऊ नये. तिच्या गुंगीत रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका वाढतो.

उपाय काय?
अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी 1992 साली मांडलेली पद्धत जगभर वापरतात. रुग्णाला झोपवून डोकं ठरावीक क्रमाने वळवतात, त्यामुळे कण मूळ जागी परततात. काही मिनिटांचं काम, ऑपरेशन नाही. कोणता कान बिघडलाय हे आधी तपासावं लागतं, म्हणून व्हिडीओ बघून घरी करू नये. चक्करच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्याने कण जागेवर जात नाहीत.

घरी काय पाळावं?
• उठताना आधी कुशीवर व्हा, मिनिटभर बसा, मग उभे राहा.
• रात्री मोरीपर्यंत उजेड ठेवा.
• संध्याकाळनंतर चहा टाळा, झोपायची वेळ एकच ठेवा.
• ड जीवनसत्त्व कमी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. कमी असलेल्यांना ते दिल्यावर चक्कर पुन्हा येण्याचं प्रमाण घटल्याचं 2020 मध्ये कोरियातील अभ्यासात आढळलं.

इथे थांबू नका
चक्करसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा चालताच येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच 108 ला फोन करा.

एरवी मुरबाड, शहापूरकडच्या लोकांनी आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवावं. तिथून कान-नाक-घसा तज्ज्ञासाठी उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठता येतं. जाताना सोबत माणूस आणि चालू गोळ्यांची पाकिटं जरूर न्यावीत.