गॅस्ट्रिक बायपासनंतरची वजनवाढ

गॅस्ट्रिक बायपासनंतर काही वर्षांनी थोडे वजन परतणे सामान्यच आहे. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात पहिल्या एक-दोन वर्षांतली सरासरी ३२ टक्के घट दहाव्या वर्षी २५ टक्क्यांवर आली. या वजनवाढीचे खापर रुग्णाच्या आळसावर फोडणे अन्यायाचे. जठर-आतड्याचा जोड सैलावतो हे खरे, आणि एंडोस्कोपीतून टाके घालून तो अरुंदही करता येतो. पण भुकेची संप्रेरके टाक्यांनी आवरत नाहीत. म्हणून आहाराच्या तपासणीनंतर लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड यांसारख्या औषधांना अग्रक्रम हवा. ती थांबवल्यास वजन वाढते, हा आक्षेप रक्तदाबाच्या गोळ्यांनाही लागू पडतो. आतड्याचा बायपास लांबवणाऱ्या फेरशस्त्रक्रियेने वजन उतरते, मात्र प्रथिनांची गंभीर कमतरता ओढवू शकते. जठराची पिशवी आणि उरलेले जठर यांच्यात फिस्टुला (नको असलेला जोडमार्ग) झाला असेल, तर मात्र दुरुस्तीचाच विचार आधी करावा लागतो.