पांढऱ्या रक्ताचा पाठलाग

मेहेरबाई टाटांचे नाव निघाले की आपल्याकडे हटकून ज्युबिली हिऱ्याची कथा निघते. २४५ कॅरटचा तो हिरा, आणि १९२४ साली पोलादाचा कारखाना तगवण्यासाठी सर दोराबजींनी आपल्या मालमत्तेबरोबर गहाण टाकलेले बाईंचे जडजवाहीर! कथा खरीच आहे. पण तिच्या लखलखाटात दुसरी एक हकीकत झाकोळून गेली.

१८ जून १९३१ रोजी वेल्समधील रुथिन येथे मेहेरबाई वारल्या. रोग ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. फिरशो या जर्मन पंडिताने त्याला 'पांढरे रक्त' या अर्थाचे ग्रीक नाव देऊन ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. पण बारसे झाले म्हणून रोग थोडाच आटोक्यात येतो! सोमलाचे थेंब आणि क्ष-किरण एवढाच काय तो डॉक्टरांचा भाता. त्याने चार दिवस उतार पडे, रोग हटत नसे.

दोराबजींना मूलबाळ नव्हते. पत्नीच्या नावाने एखादी धर्मशाळा बांधून ते मोकळे झाले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी एप्रिल १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला. उत्पन्नाचे चार हिस्से जगभरच्या ल्यूकेमिया-संशोधनाला, आणि एक हिस्सा हिंदुस्थानातील रोगनिवारक संशोधनाला! गरीब देशाचा पैसा परक्यांच्या प्रयोगशाळांत का जावा, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. पण या रोगावर काम करणारी माणसे तेव्हा बहुतांशी तिकडेच होती. पैसा त्यांच्यामागून गेला. मला तरी हा व्यवहार चोख वाटतो.

फळ पाहणे दात्याच्या नशिबी नव्हते. पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले दोराबजी वाटेत, जर्मनीतील बाद किसिंगेन येथे, ३ जून १९३२ रोजी निवर्तले. इंग्लंडात ब्रुकवूडच्या दफनभूमीत दोघे शेजारी शेजारी विसावली आहेत.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले, ते दोराबजींच्या दुसऱ्या ट्रस्टच्या पैशाने. लोक दोन्हींची गल्लत करतात. रुग्णालयाची इमारत डोळ्यांना दिसते. शिष्यवृत्तीवर गुजराण करीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला तरुण संशोधक कोणाला दिसणार? १९४८ साली बॉस्टनच्या फार्बरने मुलांचा ल्यूकेमिया औषधाने काही काळ तरी मागे हटतो असे दाखवले. ते औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या हाताखालच्या मंडळींनी सिद्ध केले होते. त्या यशाचे श्रेय या ट्रस्टला देता येणार नाही. मात्र त्याच्या सोळा वर्षे आधी, असा काही उपाय निघेल याची खूण कोठेही दिसत नसताना, एका विधुराने त्या वाटेवर आपली थैली रिकामी केली होती.