खोट्या चिठ्ठीआड दडलेला रानपिंगळा

२५ नोव्हेंबर १९९७. शरद ऋतू सरत आलेला. शहाद्याजवळच्या, तत्कालीन धुळे जिल्ह्यातील रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तीन अमेरिकन पक्षीनिरीक्षक सकाळीच हिंडत होते. पूर्व भारतातील त्यांचा शोध नुकताच निष्फळ ठरला होता.

एवढ्यात किंग यांना एक बुटका पिंगळा दिसला. तो रानपिंगळा होता! १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी (होय, काँग्रेसच्या स्थापनेतील तेच) त्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर मात्र त्याची एकही विश्वासार्ह नोंद नव्हती.

अविश्वासार्ह नोंद मात्र होती. कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी चिठ्ठी होती. अभ्यासकांनी ती अनेक दशके खरी मानली.

रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. जेम्स डेव्हिडसन हा खानदेशातील इंग्रज अधिकारी. त्याने १८८० च्या दशकात मिळवलेला हा पक्षी ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीनिशी कर्नलसाहेबांनी आपल्या नावावर खपवला होता. मेलेल्या पक्ष्याची चोरी ती काय, असे वाटेल; पण तिने जिवंत पक्ष्याचा ठावठिकाणाच बदलला.

म्हणून १९९७ च्या शोधातून मांडवी वगळली गेली आणि डेव्हिडसनचे शहादे निवडले गेले. पुढे हा पक्षी मेळघाटातही आढळला.