गोशाळेतील माश्यांचे निवारण : शास्त्र आणि आचार



गोग्रास अर्पण करण्यास येणारी मंडळी पावसाळ्यात एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस आणून देतात. गाई सारख्या पाय आपटतात, शेपटी झाडतात आणि चारा अर्धवट टाकून एकमेकींना खेटून उभ्या राहतात. काहींची सूचना असते की जालीम औषध फवारावे. काहींचे म्हणणे असे की देवाच्या दारी जीवहत्या नको. दोन्ही मतांमागील भावना शुद्ध आहे. म्हणून या विषयाची माहिती येथे एकत्रित देत आहोत.

माश्यांचे प्रकार

गोठ्यातील सर्व माश्या सारख्या नसतात. घरमाशी चावत नाही; ती डोळ्यांतील पाणी, जखमा आणि सडांवरील दूध चाटते व एका गाईचा डोळ्यांचा विकार दुसरीपर्यंत नेते. तबेल्याची माशी दिसते घरमाशीसारखीच, परंतु तिची सोंड सुईसारखी पुढे आलेली असते. हिचे नर व मादी दोघेही रक्त पितात आणि मुख्यतः पायांना डसतात. गाई पाय आपटू लागल्या की हिची शंका घ्यावी. घोडमाशी आकाराने मोठी असून तिची केवळ मादी रक्त पिते. सर्रा या रोगाचे जंतू ती पसरविते. निळ्या-हिरव्या चकाकणाऱ्या माश्या उघड्या जखमेत अंडी घालतात आणि जखमेत आसाडी पडते.

हा केवळ उपद्रव नव्हे

कीटक रोग वाहून नेतो, या सत्याशी आपल्या नगरीचे जुने नाते आहे. दि. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी आढळला. या संशोधनाबद्दल त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुराढोरांच्या बाबतीत हाच धडा आपणांस लंपी त्वचारोगाने नव्याने शिकविला. १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशात प्रथम नोंदला गेलेला हा रोग भारतात २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ साली अनेक राज्यांत त्याने थैमान घातले. तबेल्याची माशी, डास व गोचीड हे त्याचे वाहक आहेत. हा रोग माणसास होत नाही. लसीकरण हाच त्यावरील मुख्य उपाय होय. तथापि माश्या कमी असतील तेथे रोगाचा फैलावही मंदावतो.

माशीचा जन्म कोठे होतो?

घरमाशीची मादी एका वेळी सुमारे १०० ते १५० अंडी घालते. उष्ण दिवसांत ती एका दिवसात फुटतात. अळी चार-सहा दिवस ओल्या शेणात वाढते, नंतर कोरडी जागा शोधून कोषात जाते. अंड्यापासून माशी होण्यास उन्हाळी-पावसाळी हवेत ७ ते १० दिवस पुरतात. तबेल्याच्या माशीस सुमारे तीन आठवडे लागतात. तिला मूत्राने भिजलेला कडबा, गवत व शेण यांचा कुजका थर विशेष मानवतो.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात यावी. गाईच्या अंगावर दिसणारी माशी हा शेवटचा टप्पा आहे. तिचे मूळ उकिरड्यात असते. आमच्याकडून स्वतः हीच चूक घडली होती, हे येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. गोठ्याची जमीन दोन वेळा धुतली जात असे, फवारणीवर खर्चही होत असे. परंतु काढलेले शेण गोठ्याच्या पाठीमागे वीस पावलांवर उघडे साचत होते. फवारणीनंतर दोन दिवस बरे वाटे आणि आठवड्यात पुन्हा तेच. शेणाची व्यवस्था बदलल्यावरच फरक पडला.

उपाययोजना

१. आठवड्याचा नियम : शेण रोज उचलावेच. शिवाय गव्हाणीखालचा, दावणीच्या खुंट्यांजवळचा व पाण्याच्या हौदाभोवतीचा ओला थर दर सात दिवसांच्या आत खरवडून काढावा. कोपरे व भिंतीच्या भेगा विसरू नयेत. कोष तेथेच असतात.

२. जमीन व निचरा : जमिनीस नालीच्या दिशेने ४० फुटांस १ फूट या प्रमाणात उतार असावा. गळका नळ त्वरित दुरुस्त करावा. ओल नाही तेथे अळी जगत नाही.

३. शेणाची विल्हेवाट : शेण व काडीकचरा थरांनी रचून ढीग नीट तापविल्यास आत ५५ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण होते. तीत अळी तगत नाही. बाहेरचा थर थंड राहतो, म्हणून ढीग उलथापालथ करणे आवश्यक असते. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी सिद्ध केलेली, १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली ‘इंदूर पद्धत’ हीच. गोबर गॅस संयंत्रात शेण बंदिस्त राहत असल्याने तोही उत्तम मार्ग आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली गोशाळांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही शेणाच्या अशा व्यवस्थेवर भर आहे.

४. वारा व धूर : माशीला जोराचा वारा सहन होत नाही, दुपारी पंखे लावल्यास गाईंना आराम पडतो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर संध्याकाळी घटकाभर उपयोगी पडतो, परंतु बंद गोठ्यात तो गाईंच्या छातीस बाधतो. दारे-खिडक्या उघड्या असतानाच धूर करावा.

५. निसर्गाचे साहाय्य : गायबगळे व कोतवाल हे पक्षी माश्या टिपतात. काही सूक्ष्म गांधीलमाश्या माशीच्या कोषातच अंडी घालून तो नष्ट करतात. शेणाच्या ढिगावर विषारी फवारणी केल्यास हे मित्र आधी मरतात.

६. औषध : डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधे पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच, सांगितलेल्या प्रमाणात वापरावीत. गव्हाण, चारा व पाणी यांवर ती पडू नयेत. एकच औषध वारंवार वापरल्यास माश्या त्याला दाद देत नाहीत. औषध लावल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस त्या गाईचे दूध नैवेद्यास वा वाटपास घेऊ नये.

७. जखमा : नवजात वासराच्या नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे. लहान जखमही रोज पाहावी. आसाडी पडल्यास पशुवैद्यांना त्वरित बोलवावे. सीताफळाच्या पाल्याचा रस घालण्याची आपल्याकडील जुनी रीत अनेकांस ठाऊक आहे; मात्र तीवर विसंबून विलंब करू नये.

गाईला निसर्गाने स्वतःचे संरक्षणही दिले आहे. जुन्या हैदराबाद संस्थानातील लातूर-बीदर भागातली आपली देवणी गाय पाहावी : सैल कातडी थरथरवून आणि लांब शेपटीच्या गोंड्याने ती माशी उडविते. म्हणून गोंडा कधीही कापू नये आणि दावे इतके आखूड नसावे की मान वळविता येणार नाही.

भाविकांना विनंती

गूळ, केळी, शिळा भात व गोड प्रसाद गव्हाणीत परस्पर टाकू नये. सांडलेला गोड अंश माश्यांना आमंत्रण देतो आणि अति भात गाईच्या पोटासही घातक ठरतो. गोग्रास सेवकाच्या हाती द्यावा. पिशव्या व द्रोण आवारात टाकू नयेत. ज्यांना सेवा करावयाची इच्छा आहे, त्यांनी आठवड्यातून एक सकाळ झाडू व खराटा घेऊन यावे. ही सेवा गोग्रासाहून तसूभरही कमी नाही.

जीवहत्येच्या प्रश्नास आमचे नम्र उत्तर इतकेच : अंगणात माशी जन्मू न देणे ही हिंसा नव्हे, स्वच्छता होय. ती पाळली तर विषाचा प्रसंग क्वचितच येतो. मुक्या जनावरास आपले दुःख सांगता येत नाही. ते पाय आपटते, एवढेच. ते आपण वेळीच ओळखावे, ही प्रार्थना.

आपले नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता
हैदराबाद